नवरात्र, भगर आणि लांबलेला पाऊस: हवामान बदल धाराशिवच्या ताटात कुठून येतो?

२२ सप्टेंबर २०२५. घटस्थापनेचा दिवस. तुळजापुरात तुळजाभवानीच्या शारदीय नवरात्राला सुरुवात होत होती. त्याच दिवशी, त्याच धाराशिव जिल्ह्यात, भूम आणि परंडा तालुक्यांतली गावं पाण्यानं वेढली गेली होती. परंड्यात लोकांना बाहेर काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. वाहून गेलेली जनावरं, चिखलात आडवं झालेलं सोयाबीन, खरवडून गेलेली माती, हे फोटो आणि व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील.

या लेखाचा विषय मात्र त्या फोटोंमध्ये न दिसणारा आहे. त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या हजारो घरांत उपवास सुरू झाले आणि फडताळातून भगरीचा डबा बाहेर निघाला. भिंतींना ओल आलेली, दहा-बारा दिवस ऊन नाही, आणि डब्यात कदाचित श्रावणात दळून आणलेलं, उरलेलं पीठ.

'भगर खाल्ल्याने विषबाधा' ही बातमी महाराष्ट्राला नवीन नाही. आषाढी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र, यातला एखादा तरी सण या बातमीशिवाय जात नाही. आपण ती वाचतो, 'दुकानदारानं जुना माल विकला असेल' म्हणतो आणि पुढे जातो. यात हवामानाचा काही हात आहे का, हे फारसं कुणी विचारत नाही.

भगरीत नेमकं काय बिघडतं?

भगर म्हणजे वरई. भात किंवा ज्वारीपेक्षा कितीतरी बारीक दाण्याचं भरडधान्य. उपवासाच्या हिशेबात ते 'धान्य' धरत नाहीत, म्हणून चालतं. पण बुरशीला हा हिशेब माहीत नसतो. तिच्या दृष्टीनं हे पिठूळ, चविष्ट धान्यच.

राज्याचं अन्न व औषध प्रशासन सणांच्या आधी भगरीबद्दल सूचना काढतं. त्यात म्हटलेलं असतं की भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीची वाढ होते आणि त्यातून फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषद्रव्यं तयार होतात. तीस अंशांच्या आसपासचं तापमान आणि दमट हवा या बुरशीला मानवते. बाजरीच्या कणसावरचा अरगट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लवकर कळेल. फ्युमिगाक्लेव्हिन हे अरगटच्या विषांच्या कुळातलंच आहे. भगरीच्या बातम्यांमध्ये मळमळ आणि उलट्यांबरोबर चक्कर येणं, हातपाय थरथरणं असा उल्लेख वारंवार का येतो, याचा धागा इथे सापडतो. साध्या 'पोट बिघडण्यात' थरथर नसते.

आता ओलीचं गणित बघू. कुठलंही धान्य हवेतली ओल शोषतं किंवा हवेला देतं. दाण्यात साधारण १२ टक्के ओल असेल तर ते टिकतं. आजूबाजूच्या हवेची आर्द्रता सतत ७० टक्क्यांच्या वर राहिली की दाणा हळूहळू ओल पितो आणि बुरशीला पुरेसं पाणी मिळू लागतं. अख्ख्या दाण्यापेक्षा पीठ हे काम कितीतरी लवकर करतं, कारण पिठाचा प्रत्येक कण हवेला उघडा असतो.

ओलीनं धान्याचं नऊ दिवसांत काय होतं हे बघायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. देवघरातला घट बघा. काळी माती, मूठभर धान्य, रोज थोडंसं पाणी, आणि माळ चढेपर्यंत कोंब वर आलेले असतात. डब्यातल्या भगरीला कोंब येत नाहीत, कारण तिची साल निघालेली असते. तिथे वाढतं ते दुसरंच काहीतरी.

मग ज्वारीच्या पिठानं अशी विषबाधा होत का नाही? कारण ज्वारीचं पीठ रोज लागतं. आठवड्याला दळण होतं, आठवड्यात संपतं. भगर एका उपवासाला आणतात, अर्धी वापरतात, उरलेली पुढच्या उपवासापर्यंत डब्यात राहते. दुकानातही तेच. सणाला मागणी एकदम वाढते, मधल्या काळात पोतं तसंच पडून असतं. आणि सणाच्या दिवशी अख्खं घर, कधी अख्खं गाव, एकाच वेळी, रिकाम्या पोटी, एकच पदार्थ खातं. म्हणून ही विषबाधा एकदम शंभर लोकांत दिसते.

शिजवल्यावर सगळं मरतं, असा आपला समज असतो. बुरशी मरतेही. पण बुरशीनं तयार केलेली बहुतेक विषं चुलीवरच्या तापमानाला दाद देत नाहीत. शेंगदाण्यात आणि मक्यात आढळणारं अफ्लाटॉक्सिन याचं सर्वात अभ्यासलेलं उदाहरण. ते उकळल्यानं जात नाही, भाजल्यानं कमी झालं तरी पूर्ण जात नाही. आणि भगरीबरोबर ताटात काय असतं? शेंगदाण्याची आमटी.

पावसाचं वेळापत्रक सरकलं, उपवासाचं नाही

सणांच्या तारखा चंद्र ठरवतो. अधिक महिन्यामुळे नवरात्र कधी सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात येतं, कधी ऑक्टोबरच्या मध्यावर. २०२५ मध्ये ते २२ सप्टेंबरला बसलं. २०२० मध्ये अश्विन अधिक होता, म्हणून घटस्थापना थेट १७ ऑक्टोबरला झाली.

जुन्या माणसांच्या हिशेबानं दसऱ्यापर्यंत पाऊस आवरता घेतो, ऑक्टोबर हीट सुरू होते, घरं कोरडी पडतात. हवामान खात्याचं जुनं वेळापत्रकही असंच होतं. १९०१ ते १९४० या काळातल्या नोंदींवर बेतलेल्या त्या वेळापत्रकानुसार मान्सून १ सप्टेंबरला वायव्य राजस्थानातून परतायला सुरुवात करायचा. २०२० मध्ये खात्यानं १९७१ ते २०१९ च्या नोंदी तपासून ही तारीख बदलली. आता ती १७ सप्टेंबर आहे. मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली.

तारीख बदलण्याचा हा निर्णय कागदावरचा नव्हता, हे त्याच वर्षी धाराशिवनं अनुभवलं. १४ आणि १५ ऑक्टोबर २०२० ला जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी भिजल्या, शेतं तळी झाली. दोन दिवसांनी घटस्थापना होती. पाच वर्षांनी, २०२५ मध्ये, नवरात्र जवळपास महिनाभर आधी आलं, तरीही ते पाण्यातच बसलं. म्हणजे घट लवकर बसो की उशिरा, डब्यातल्या पिठाला कोरडी हवा मिळेलच याची खात्री राहिलेली नाही. यंदा, २०२६ मध्ये, ज्येष्ठ अधिक आहे आणि घटस्थापना ११ ऑक्टोबरला येते.

एका वर्षाच्या पावसावरून हवामान बदल सिद्ध होत नाही, हे बरोबर आहे. मराठवाड्यात पूर्वीही परतीचा पाऊस धिंगाणा घालायचा. पण यामागचं भौतिकशास्त्र साधं आहे. हवा १ अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. मग पाऊस येतो तेव्हा दणकून येतो, आणि येत नाही तेव्हाही हवा दमट आणि उबदार राहते. बुरशीला दोन्ही चालतं.

दुसरं टोकही सरकतंय. घरोघरी वर्षाचं धान्य एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायची पद्धत आहे. पापड, कुरडया, शेवया, सगळी वाळवणं याच उन्हावर. २०२५ चा मे हा देशात १९०१ पासूनचा सर्वाधिक पावसाचा मे ठरला. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. ज्या उन्हाच्या भरवशावर कोठी भरायची, तेच त्या वर्षी आखडलं. पाऊस आधी आला आणि उशिरा गेला, तर मधले ओले महिने किती झाले ते बोटांवर मोजता येतं.

मग सगळं हवामानावर ढकलायचं का?

नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन मोठ्या घटना घडल्या. नांदेडच्या लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत एकादशीच्या धार्मिक कार्यक्रमात भगर-आमटीचा प्रसाद खाऊन सुमारे दोन हजार लोक आजारी पडले. नंतर पुढच्या एकादशीला बुलढाण्याच्या लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात शेकडो लोकांना त्रास झाला. दवाखान्यात जागा नव्हती, म्हणून रस्त्याकडेला दोऱ्या बांधून त्यावर सलाइनच्या बाटल्या लटकवल्या होत्या. तो व्हिडिओ देशभर फिरला.

हे दोन्ही फेब्रुवारीतलं. पाऊस नाही, फारशी दमट हवाही नाही. त्यामुळे 'भगर म्हणजे पावसाळी बुरशी' एवढं सोपं समीकरण मांडता येत नाही. हजारो लोकांचा स्वयंपाक करताना वेगळे धोके असतात. मोठ्या पातेल्यात शिजलेलं अन्न तासन्‌तास कोमट राहतं. ५ ते ६० अंशांच्या मधला पट्टा जिवाणूंच्या सोयीचा. अनुकूल स्थितीत काही जिवाणू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. भात आणि भगरीसारख्या पिठूळ धान्यांत बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. शिजवूनही ते तगतात आणि अन्न कोमट झालं की जागे होतात.

हवामान बदल हे या आजारांचं एकमेव कारण नव्हे. जुना माल, सुटं पीठ, अस्वच्छ पाणी, सकाळचा स्वयंपाक संध्याकाळी वाढणं, हे सगळं आधीपासून होतं. फरक इतकाच, की पूर्वी या चुका बऱ्याचदा खपून जायच्या. चार महिने पडून राहिलेली भगर कोरड्या ऑक्टोबरमध्ये कदाचित काहीच करायची नाही. दमट आणि उबदार ऑक्टोबरमध्ये तीच चूक महागात पडते.

ज्वारीचं काय?

बुरशीचा धोका भगरीपुरता नाही, आणि याची दोन जुनी उदाहरणं मला सर्वात बोलकी वाटतात.

१९७४ मध्ये राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या आदिवासी भागांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. ३९७ जण आजारी पडले, त्यातले १०६ दगावले. कारण निघालं अफ्लाटॉक्सिन. मका काढणीला आला असताना अवेळी पाऊस झाला, दाणे ओले राहिले, घरात साठवले गेले आणि बुरशी धरली. खाणाऱ्यांना मका खराब आहे हे दिसत होतं. पण आधीची वर्षं दुष्काळाची होती, दुसरं धान्य नव्हतं.

दुसरं उदाहरण तर धाराशिवच्या ताटाच्या अगदी जवळचं. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पोटदुखी आणि जुलाबांची साथ आली. पाहणी केलेल्या ५० पैकी २७ गावांत आजारी लोक सापडले. तिथेही पिकावर अवेळी पाऊस झाला होता, आणि लोकांनी खाल्ली होती पावसात सापडून काळी पडलेली, बुरशी धरलेली ज्वारी आणि मका. त्यात फ्युमोनिसिन हे विष आढळलं.

काळी पडलेली ज्वारी धाराशिवमध्ये कुणाला समजावून सांगायला नको. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आठवत असेल. मालदांडीचं कणीस दाण्यानं भरलेलं असताना पाऊस आला की ज्वारी काळवंडते. बाजारात भाव पडतो, व्यापारी नाक मुरडतो, आणि जी विकली जात नाही ती घरी खायला राहते. कडबाही भिजतो. तो जनावरांच्या पुढ्यात जातो, आणि अफ्लाटॉक्सिनचा काही अंश दुसऱ्या रूपात दुधात उतरतो. नुकसानीचा पंचनामा शेतात होतो, चुलीपर्यंत कुणी येत नाही.

उष्मा, खवा आणि रिकामी विहीर

या जिल्ह्याचा आणखी एक नाजूक पदार्थ म्हणजे खवा. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. खवा आणि पेढ्याच्या धंद्यावर इथली कितीतरी घरं चालतात. खव्यात ओल असते, स्निग्धांश असतो, प्रथिनं असतात. जिवाणूंना याहून चांगली मेजवानी नाही. भट्टीवर तो तापून निघतो खरा, पण त्यानंतर हात लागतो, फडकं लागतं, प्रवास होतो. चाळीस अंशांच्या दुपारी बर्फाशिवाय गेलेला खवा किती तास चांगला राहील, हे आता खवेवाल्यापेक्षा पारा ठरवतो. युरोपातल्या दहा ठिकाणांच्या नोंदींवर झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं, की एका मर्यादेनंतर दर आठवड्याचं सरासरी तापमान १ अंशानं वाढलं की साल्मोनेलाच्या आजाराचे रुग्ण ५ ते १० टक्क्यांनी वाढतात. तिथे घरोघरी फ्रिज असूनही.

आणि दुष्काळ? पूर येतो तेव्हा विहिरीत घाण जाते हे सगळ्यांना दिसतं. पण विहीर तळाला जाते तेव्हाही धोका तोच असतो. टँकरचं पाणी पिंपात साठतं, दोन घागरींत घर चालवायचं म्हटल्यावर आधी हात धुणं कमी होतं, मग भांडी. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या काळात धाराशिवची गावंही काही वेगळी नव्हती. एकाच जिल्ह्यानं दहा वर्षांच्या आत पाण्याची रेल्वे जवळून पाहिली आणि सुटकेचं हेलिकॉप्टरही पाहिलं.

कायदा काय म्हणतो, आणि नोंद कशाची होते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ६० कोटी लोक दूषित अन्नानं आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. मृतांमध्ये साधारण तिसरा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. एवढा मोठा आजार, पण गावपातळीवर तो दिसतो तो फक्त एकदम दीडशे लोक दवाखान्यात आल्यावर. घरातल्या तिघांना उलट्या झाल्या, मेडिकलवरून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, याची नोंद कुठेच होत नाही.

अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे. त्याच्या कलम ३५ नुसार डॉक्टरांना अन्नातून विषबाधेची माहिती कळवणं बंधनकारक करता येतं. अन्न विश्लेषकानं नमुन्याचा अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो. नवरात्र नऊ दिवसांचं असतं, हे इथे लक्षात घ्या. अहवाल वेळेवर आला तरी तोवर तीच भगर बाकीच्या गावांत शिजून संपलेली असते.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नाही. धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यालाही याच कायद्याच्या नियमांत 'छोटा अन्न उत्पादक' धरलं आहे, आणि त्याची नोंदणी अपेक्षित आहे. कोजागरीला सोलापूरहून, कर्नाटकातून लाखो भाविक चालत तुळजापूरला येतात. वाटेवर जागोजागी लोक प्रेमानं खाऊ घालतात. या सेवेवर कागदपत्रांचा बडगा उगारावा असं माझं म्हणणं नाही. तसं केलं तर सेवा बंद पडेल, विषबाधा नाही. पण सणाच्या महिनाभर आधी दुकानांतल्या आणि गिरण्यांतल्या भगरीची ओल मोजणं, जुनी पोती बाजूला काढणं, हे करता येण्यासारखं आहे. पुराचा इशारा ज्या गावांना दिला जातो, त्याच गावांना धान्याचाही इशारा त्याच संदेशात देता येईल. आज प्रशासनाची सूचना वर्तमानपत्रात छापून येते ती बऱ्याचदा सण तोंडावर आल्यावर, कधी विषबाधा झाल्यावर.

तुमच्या घरापुरतं

भगरीचं पीठ सुटं घेऊ नका. पाकीटबंद भगर घ्या, पाकिटावरची तारीख बघा, आणि लागेल तेवढीच घरी निवडून, धुऊन, वाळवून दळा. मागच्या उपवासाचं उरलेलं पीठ वासावरून किंवा चवीवरून पारखू नका. विषाला वास असेलच असं नाही. ते टाकून द्या. अन्न टाकणं जिवावर येतं, विशेषतः आपल्या भागात, पण ते जनावरांनाही घालू नका.

शेंगदाण्यातले सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे निवडून काढा. पुरात भिजलेलं धान्य वरून वाळलेलं दिसलं तरी खाण्यासाठी ठेवू नका. पूर ओसरल्यावर विहिरीत टीसीएल पावडर पडली का, हे ग्रामपंचायतीत विचारा, आणि तोवर पाणी उकळून प्या.

त्रास झालाच तर मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस लगेच सुरू करा. थरथर, चक्कर, ग्लानी असेल, किंवा रुग्ण लहान मूल, गरोदर बाई अथवा म्हातारं माणूस असेल तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. आणि एक काम जे जवळजवळ कुणीच करत नाही: उरलेली भगर-आमटी, आणि मुख्य म्हणजे न शिजवलेलं पीठ, पाकिटासकट बाजूला काढून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. घाबरून भांडी घासली आणि डबा उकिरड्यावर रिकामा केला, तर तपासायला मागे काहीच राहत नाही, आणि बातमीत पुन्हा एकदा 'कारण समजू शकले नाही' एवढंच छापून येतं.